करंजाचं जेवण

चारकोपला आमच्या गल्लीच्या तोंडाशी करंजाचं झाड आहे. त्याच्याखाली रोज सकाळी एक मालवणी आजोबा दिसायचे. बनियन, हाफ पँट, हातात खराटा. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. रस्त्यावर पडलेली पानं ओढून ते बुंध्याभोवती पसरायचे आणि उडू नयेत म्हणून वर फुटक्या फरशा ठेवायचे. हे सगळं कचऱ्याची गाडी यायच्या आत.

रस्ता झाडणारी बाई कुरकुरायची, "काका, मुकादम मला ओरडतो ना!"

"तेका माझ्याकडे धाड."

एकदा मुकादम खरंच आला. करंजाखाली स्कूटर लावून म्हणाला, "आजोबा, हा कचरा गाडीत जाणार."

"कचरो खय? पातेरो हो. झाडाचा जेवाण." त्यांनी खराट्याच्या दांड्याने जमीन टोकरली. मातीपेक्षा विटांचे तुकडेच जास्त निघाले. आमचा सगळा सेक्टरच भरावावर उभा आहे. "हय माती आसा? पान पिवळा पडता तेव्हा झाड तेतला सत्व आत ओढून घेता. उरला ता पायाकडे टाकता. कुसला की परत खाता. आपलाच खाऊन जगता ता, आणि तू ताच उचलून नेतंस?"

"नियम आहे, आजोबा."

"ने मग. जाताना ही सावलीय घाल गाडयेत."

मुकादमाने वर पाहिलं, मग सावलीतल्या आपल्या स्कूटरकडे. बाजूला झाडत असलेली बाई पदराआड हसली. स्कूटरच्या सीटवर पडलेलं पान मुकादमाने उचललं आणि निघताना वाकून फरशीखाली सरकवलं.