एकदाच हात फिरवणारा

त्याचं नाव मला आठवत नाही, कारण नोकरीसाठी मुलाखती घेताना मी नावाकडे बघतच नाही. राहणार अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, तरी मला सारखं 'सर' म्हणणारा. वसईच्या आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात बसल्या बसल्या त्याने आधी रुमालाने कीबोर्ड पुसला.

मी काम दिलं: हजारो ऑर्डरींतून रद्द झालेल्या वगळा, उरलेल्यांची वजनं काढा आणि बेरीज करा. त्याने स्वतःच एक लूप लिहिला, म्हणजे एकेक ऑर्डर घेऊन तिची सगळी कामं उरकणारा कोड.

"अहो, याला तयार फंक्शन्स असतात. तीन ओळींत होतं," मी हसून म्हणालो.

तो वाद घालत बसला नाही. माझ्या तीन ओळी त्याने खाली लिहिल्या आणि दोन्ही चालवून वेळ मोजला. त्याचा लूप निम्म्या वेळात संपला.

"सर, तुमच्या तीन ओळी म्हंजे यादीचे तीन फेरे," तो हळूच म्हणाला. "माझी आय मावरं निवडते ना, ती टोपलीत एकदाच हात फिरवते. तीनदा नाय उपसत."

तो बरोबर होता आणि वर नम्रही होता, याचाच मला जास्त राग आला. फॉर्मवर 'पद्धत जुनाट' लिहून मी त्याला नाकारलं.

दोन महिन्यांनी आमची वेबसाइट ग्राहकासमोरच अडकायला लागली. तिच्या कोडमधल्या माझ्या तशाच तीन सुबक ओळी पुसून मी तिथे त्याचा लूप घातला, आणि वेबसाइट धावली.

साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुठे शिकलास रे?"

"सुचलं," मी म्हणालो.