मिरेंबेचा बाप

मसाकाच्या बाजारात मी टोमॅटो विकते आणि माझ्या शेजारी मिरेंबे बायकांचे पायघोळ झगे, गोमेसी, शिवते. वीस वर्षांत तिनं कुणाचं माप चुकवलं नाही, पण स्वतःचं कूळ तिला सांगता येत नसे. आमच्यात कूळ बापाकडून येतं, कुळाचं नावही बापच देतो. तिचं नाव आईनं ठेवलेलं, कुठल्याच कुळाचं नसलेलं. लग्नकार्यात कुणी "कुठल्या कुळाची गं तू?" विचारलं, की ही उठून भांडी घासायला जायची. विचारणाऱ्यांचा मला राग यायचा आणि हिचाही.

आई वारली तेव्हा मिरेंबे सत्तेचाळीस वर्षांची होती. बापाबद्दल आईनं शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. मग ही मावशीच्या मागे लागली.

"बोसा म्हणायचे त्याला," मावशी म्हणाली. "क्योतेराच्या रस्त्यावर लॉरी चालवायचा. एकदा तुझ्या आईनं हौसेनं मांबा मासा रांधला, तर त्यानं ताट सरकवलं आणि उपाशी झोपला. म्हणजे मांबा कुळाचाच असणार. आपल्या कुळाचा मासा कोण खाईल?"

एवढ्यावर हिनं फोन हातात घेतला. फेसबुकवर मांबा कुळाचा गट होता, हजारो माणसांचा.

"अगं, बाजारात डोळे मिटून दगड मारला तरी मांबावाल्यालाच लागेल," मी म्हणाले. "त्यातला कुठला बोसा शोधणार तू?"

"लॉरीवाला."

"मेला असेल एव्हाना."

"तुझ्या जिभेला काही हाड?" म्हणाली आणि पुन्हा लिहायला लागली.

आठ महिने हे चाललं. चार बोसा सापडले. एक शिक्षक निघाला, एक पाद्री, एक दुसऱ्याच गावचा, आणि चौथ्यानं तर हिलाच मागणी घातली. आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसता हसता ती शिवणयंत्रावर डोकं टेकून रडायला लागली. "मला त्याच्याकडून काही नको गं. एकदाच विचारायचंय, मला शोधलं का नाही?"

आणि एका मंगळवारी उत्तर आलं. लॉरी, क्योतेरा, तिच्या आईचं नाव, सगळं बरोबर. खाली लिहिलं होतं, "ये लेकी. मी घरीच आहे. तुझा बाप."

वाचून मीही रडले. खरं तर मला तेव्हाच सुचायला हवं होतं. जन्म याच रीतीभातीत गेला माझा, पण आनंदापुढे अक्कल चालली नाही.

रविवारी आम्ही साखर, साबण आणि मांस घेऊन गेलो. एका म्हातारीनं आत नेलं. खुर्चीत तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा बसला होता. मिरेंबे त्याच्या मागे कुणी म्हातारा दिसतो का ते बघत राहिली.

"गुडघे टेक पोरी," म्हातारी म्हणाली. ती बोसाची बायको. "ते दोन महिन्यांपूर्वी गेले. झाडाच्या सालीचं वस्त्र पांघरवून आम्ही माझ्या धाकट्याला त्यांच्या जागी उभं केलं. आता हाच तुझा बाप."

रीत ती रीत, गेलेल्याच्या जागी उभा राहील तोच बाप. सत्तेचाळीस वर्षांची बाई त्या पोरापुढे गुडघ्यांवर बसली. पोरगं भलं होतं. त्यानं तिचे दोन्ही हात धरले, "आलीस लेकी," म्हणाला आणि तिला कुळाचं नाव दिलं, नाबोसा. घरातल्या बायकांनी आनंदाच्या आरोळ्या दिल्या. मला वाटलं, चला, मिळालं हिला.

मिरेंबेनं मान वर केली. "बाबा, मला शोधलं का नाही?"

पोरानं म्हातारीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. मग तो खुर्चीतून उतरला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"ताई," तो म्हणाला, "मला नाही गं माहीत."

तोवर तिला बाप होता. ताई म्हटल्याबरोबर बाप गेला, आणि मिरेंबेनं त्याच्या घरात त्याच्यासाठी टाहो फोडला.