वीस कांड्या

निजामपुऱ्यातल्या आमच्या कापड विणायच्या कारखान्यात भिंतीकडचा लूम कुणालाच नको असायचा. त्याचा धोटा, म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा, टोकांना लोखंड बसवलेला लाकडी तुकडा, कधी बाहेर उडेल याचा नेम नव्हता. त्यानं भिंतीत पाडलेले खड्डे मी रोज बघायचो. सगळे डोक्याच्या उंचीवर होते. शेठला सांगावं तर तो म्हणायचा, "चल रहा है ना?"

सकाळच्या शिफ्टला तो लूम दोघांपैकी एकाच्या गळ्यात पडायचा. एक मी, दुसरे शेलार गावाहून सायकलनं येणारे दादा. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, म्हणून ते मला मास्तर म्हणत. रोजची कटकट नको म्हणून आम्ही खेळ लावला. सूत गुंडाळलेल्या वीस कांड्या मांडायच्या, आळीपाळीनं एक, दोन किंवा तीन उचलायच्या. शेवटची कांडी उचलेल त्याला चांगला लूम. आणि काल हरलेल्यानं आधी उचलायचं. बिचाऱ्याला तेवढीच सवलत, असं दादांनीच ठरवलं.

पहिल्या दिवशी मी नशिबानं जिंकलो. आठवड्याभरात मेख कळली. त्यांनी एक उचलली की मी तीन, दोनला दोन, तीनला एक. दर फेरीला चार जाणार, म्हणजे विसावी माझीच. आधी उचलणारा हरणारच, आणि हरलेला म्हणून उद्या पुन्हा तोच आधी उचलणार. मी गप्प बसलो. इतका हलकटपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही.

"आज न्हाय हरायचा मी," म्हणत दादा रोज बसायचे आणि हरून भिंतीकडे जायचे. खड्डे वाढत होते. उद्या सांगू, असं मी रोज ठरवायचो.

एका सकाळी धोटा उडाला. त्या दिवशी भिंतीत नवा खड्डा पडला नाही. दादांचा डावा डोळा गेला.

दोन महिन्यांनी ते कामावर आले. लूम तोच होता. त्यांनी स्वतःच कांड्या मांडल्या. "मागल्या टायमाला मीच हरलो व्हतो. आधी माझा हात."

 शेवटी माझ्या पाळीला सहा उरल्या. जिंकायला दोन उचलायच्या होत्या, मी मुद्दाम तीन उचलल्या. उरलेल्या तिन्ही दादांनी मुठीत घेतल्या आणि लहान मुलासारखे हसले.

"बघ मास्तर, डोला गेला, पन नशीब उघडलं."

मी हो म्हणालो आणि भिंतीकडे गेलो.