मागच्या दाराची मेझुझा

आमच्या मागच्या दाराची मेझुझा काढून मी ती जीपला लावली आणि दाराला थर्मामीटरची डबी ठोकली. हे सगळं मी पूर्ण शुद्धीत असताना केलं.

मेझुझा म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण तेव्हा महाडात आम्हा बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, दोनच घरं उरली होती. बाकीची कोणी मुंबईला, कोणी थेट इस्राएलला गेली. तर मेझुझा म्हणजे बोटाएवढी नळी. आत कातड्याच्या पट्टीवर हिब्रूत लिहिलेला मजकूर असतो. ती दाराच्या उजव्या चौकटीला जरा तिरकी लावायची आणि येता-जाता तिला बोट टेकवून ते ओठांना लावायचं. आमच्या घरात तो मजकूर वाचता येणारा माणूस एकच, बाबा. बाबा म्हणजे पोलादपूरच्या शाळेतले निवृत्त मास्तर. भूत, भानामती, करणी आणि मुंजा यांच्यावर त्यांनी तीस वर्षं वर्गात छडी चालवली. (भुतं सापडत नसल्यामुळे ती बऱ्याचदा मलाच लागली!)

जीप मी दिवाळीनंतर घेतली. जुनीच. महाड ते पोलादपूर आणि तिथून वर आंबेनळी घाटातल्या वाड्यांपर्यंत सीटा न्यायच्या. पहिल्याच आठवड्यात दोन पंक्चर झाली, रेडिएटर फुटला आणि घाटाच्या कठड्याला घासून डावीकडचा आरसा गेला.

"नजर लागली," आई कुजबुजली. "दान्या, एक लिंबू नि सात मिरच्या बांध पुढे."

बाबा पडवीत होते, पण त्यांचे कान स्वयंपाकघरात असत.

"लिंबू सरबतात, मिरची आमटीत! गाडीला काही नाही. आपल्यात असलं चालत नाही."

"अहो, पण पोराची राखण नको का?"

"राखणारा एकच आहे. त्याला बंपरला लटकवता येत नाही. आणि तुझ्या पोराला सांग, ब्रेक तपासून घे."

(तरी दिवेलागणीला आई माझ्यावरून मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकायचीच. तेवढा वेळ बाबा वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसत. एकदा तर ते उलटं होतं.)

आता, ब्रेक तपासायचे तर गॅरेजात अर्धा दिवस मोडतो. मेझुझा लावायला दोन स्क्रू पुरतात. लिंबू आपल्यात चालत नाही ना? मग आपल्यात जे चालतं ते लावू! मागच्या दाराने बाबा फक्त न्हाणीघराकडे जात, तेही घाईत. मी ती मेझुझा उतरवली, ड्रायव्हरच्या दाराशी बसवली आणि घरात थर्मामीटरची रिकामी डबी होती तिला बंपरचा उरलेला चंदेरी रंग फासून चौकटीला लावून टाकली. रंग वाळायला जरा वेळ लागतो, हे आईला माहीत असायचं काही कारण नव्हतं. तिने पहाटे बोट टेकवलं, ओठांना लावलं आणि दिवसभर चंदेरी ओठांनी घरात वावरली. संध्याकाळी दारावरून कल्हईवाला चालला होता, त्याला तिने थांबवून झापलं.

"कसली कल्हई करतोस रे? चहाच्या भांड्याची सगळी तोंडाला आली!"

कल्हईवाला बिचारा भांडं घेऊन गेला आणि फुकट पुन्हा कल्हई करून आला. मी रंगाचा डबा जीपच्या सीटखाली सरकवला.

खरा घोळ ठकूआजीपासून सुरू झाला. ठकूआजी घाटातल्या एका वाडीवरची. चार म्हशी, दहा शेळ्या आणि जीपच्या पुढच्या सीटवर कायमचा हक्क. मी बसताना बोट टेकवतो, ते तिने पाहिलं.

"काय रे ते?"

"आमच्या देवाचं बोलणं लिहिलंय आत."

"मंग मी बी हात लावते. देवाला काय, तुजा नि माजा?"

तिने हात लावला. त्या दिवशी घाटातल्या वळणावर समोरून एस.टी. आली आणि आम्ही वाचलो! (घाटातल्या वळणावर समोरून एस.टी. रोजच येते आणि आम्ही रोजच वाचतो. पण त्या दिवशी आजीने हात लावला होता.)

वाडीवर बातमी जीपच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवसापासून लोक दुसऱ्या कुठल्या गाडीत बसेनात. आधी ड्रायव्हरच्या दाराशी रांग, मग सीटा. शनिवारी आमचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, म्हणून जीप बंद. त्यावरून आत शनिमहाराज असल्याचंही ठरलं. पंधरा दिवसांत कोणीतरी नळीला कुंकू लावलं. मग झेंडूची माळ आली. मग काळी बाहुली. मी रोज काढायचो आणि पोलादपूर येईपर्यंत नवीन लागायची. शेवटी एका सकाळी बघतो तर मेझुझाच्या वरच्या स्क्रूला एक लिंबू आणि सात मिरच्या लटकत होत्या!

मी काढल्या का? नाही. जीप भरत होती.

एकदा ठकूआजीने शेळीच आणली.

"करडाला अंगावर घेत नाय ही. जरा तोंड लावू दे तितं."

"आजी, हे शेळ्यांसाठी नसतं!"

"का? शेळी तुज्या देवानं नाय केली?"

शेळीने दारातून मान आत घातली आणि झेंडूची अख्खी माळ खाल्ली. "परसाद घेतलान!" आजी ओरडली. आता त्याच संध्याकाळी त्या शेळीने करडाला जवळ घ्यावं का? पण घेतलं. पुढच्या आठवड्यात म्हैस आणायचं चाललं होतं.

पोलादपूरच्या कचेरीत कारकून असलेले गायकवाड भाऊ रोज माझ्या मागच्या सीटवर असत. त्यांनी हे सगळं शांतपणे बघून एक दिवस विचारलं, "दान्या, तुमच्यात मूर्ती नसते म्हणे?"

"नसते."

"आमच्या वडिलांनी बौद्ध झाल्यावर घरातले सगळे देव सावित्री नदीत सोडले. त्यातला एखादा वाहत येऊन तुझ्या जीपला अडकला की काय?"

मी हसलो. ते हसले नाहीत. "हसू नकोस. काल कचेरीत एक म्हातारा विचारत होता, मास्तरांच्या घरचा ताईत कुठे मिळतो. मास्तरांच्या, दान्या! ज्यांनी मला चौथीत असताना ताईत तोडायला लावला, त्या मास्तरांच्या!"

बाबांनी तीस वर्षांत कमावलेलं नाव मी आठ महिन्यांत घाटाला लावलं होतं. बरं, मेझुझा काढावी तर सीटा जाणार. मी विचार करायचं ठरवलं आणि विचार करता करता नेहमीप्रमाणे जीपमध्येच झोपलो.

इकडे पावसाळ्याच्या ओलीने मागच्या दारावरचा चंदेरी रंग सुटला. न्हाणीघराकडे जाताना बाबांनी बोट टेकवलं, तर खालून अक्षरं निघाली. बाबांनी ती हिब्रूसारखी उजवीकडून वाचून पाहिली, डावीकडून वाचून पाहिली. दोन्हीकडून तो थर्मामीटरच निघाला.

मी जागा झालो तो भर दुपारी महाडच्या स्टँडवर. पाय दाराबाहेर होते आणि पायांपाशी बाबा उभे होते, हातात स्क्रूड्रायव्हर. जीप सीटांनी भरलेली; कचेरीच्या कामाने महाडला आलेले गायकवाड भाऊही मागे. बाबांनी लिंबू काढलं, मिरच्या काढल्या, बाहुली काढली आणि रुमालाने कुंकू पुसलं. मग शाळेतल्या आवाजात सुरू केलं:

"नीट ऐका. हा ताईत नाही. ही राखण नव्हे, ही आठवण आहे! आत लिहिलंय, देव एक आहे, त्याच्यावर जीव लाव, पोरांना हे शिकव. (इथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं.) आणि ही लावतात घराला. माणूस जिथे राहतो, जेवतो, झोपतो, त्या दाराला. जीपला नाही!"

"मंग बरोबर हाय की, मास्तर," ठकूआजी पुढच्या सीटवरून म्हणाली. "तुमचा दान्या दुसरीकडं कुटं झोपतो?"

अख्खी जीप हसली. गायकवाड भाऊसुद्धा! बाबांनी तोंड फिरवून पहिला स्क्रू काढला. पण दुसरा निघाला तसे मागचे दोघे खाली उतरले. मग आणखी तिघं. बोचकी उतरायला लागली.

"मास्तर, त्ये काढलंत," आजी म्हणाली, "आता आमी कुनाच्या भरवशावर बसायचं?"

बाबांनी हातातल्या मेझुझाकडे पाहिलं, उतरलेल्या माणसांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मेझुझा रुमालात गुंडाळून खिशात ठेवली.

"सरका जरा, ठकूबाई. मी बसतो पुढे. आता तर झालं?"

बाबा आजवर माझ्या जीपमध्ये बसले नव्हते; एस.टी.ने जात. पण मास्तर बसले म्हटल्यावर सगळी बोचकी परत चढली. पोलादपूर गेलं. घाट लागला. पहिल्या वळणाला मी जरा जोरात घेतली, इतक्यात समोरून एस.टी.! ब्रेक दाबला, तो तिसऱ्यांदा दाबल्यावर लागला. शेजारी बघतो तर बाबांनी एका हाताने दांडी धरलेली, दुसरा हात खिशावर, डोळे घट्ट मिटलेले, आणि तोंडाने भराभर हिब्रू चाललेलं.

ठकूआजीने त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"का वो मास्तर? तुमीच बोललात ना, राखन नाय, आठवन हाय?"

"आठवणच आहे," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "हा गाडी चालवायला लागला, की देव आठवतोच."