पटवारीजींनी विचारलं, “यहाँ नाव चलती थी?”

इंदूरकर मंडळी, घाईत लिहितेय. टायपिंग चुकलं तर सांभाळून घ्या.

आज दुपारी पटवारीजी आमच्या दारात उभे. तलावाची जुनी हद्द तपासणं चालू आहे. आमचा प्लॉट आजेसासऱ्यांनी मध्य भारत राज्य होतं त्या काळात घेतला, तलावात भराव टाकून केलेल्या जमिनीवर. आधी जिथे पाणी होतं ती जमीन सरकारची ठरली, तर घर पाडतील, या धास्तीत सगळी कॉलनी आहे.

त्यांनी माझ्या सासऱ्यांना, अप्पांना, विचारलं, “बाबूजी, पहले यहाँ नाव चलती थी क्या?”

अप्पांची हिंदी निम्मी मराठीच. ताठ बसून म्हणाले, “हाँ हाँ! शुरू से हमारे पिताजी का ही नाव चलता है!”

पटवारीजी भराभर लिहायला लागले.

“अरे भिया, रुको!” मी ओरडलेच. “मराठी में नाव मतलब नाम! वो रजिस्ट्री का बोल रहे हैं!”

ते हसले. लिहिलेलं खोडलं. जाताना म्हणाले, “कल साहब आएँगे, बाबूजी से फिर पूछेंगे.”

दार लावून मी तिथेच खाली बसले.

अप्पा म्हणाले, “अगं, तो होडीचं विचारत होता होय? होडीपण चालायची की! तू बसलीस ना, तिथे वल्ह्याला तळ लागायचा नाही.”

अप्पा आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. उद्या सकाळी त्यांना काय सांगू? तुम्ही काय सांगितलं असतं?