गाडीच्या छातीवर घोंगडी

एका गाडीला मी घोंगडी पांघरली आणि तिचा जीव घेतला. कबुली द्यायचीच आहे तर आधी दिलेली बरी, नमनाला घडाभर तेल कशाला. मालकांना हे सांगायला मला चार महिने लागले. ऐकून ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहात साखर कमी आहे म्हणाले, तेव्हा कळलं की संसार चालू राहणार आहे. म्हणून आता लिहायला हरकत नाही.

तेव्हा मी तरणी होते, एकसष्ट वर्षांची. गुडघे शाबूत, दात बहुतेक स्वतःचे, आणि अक्कल घडी न मोडलेल्या लुगड्यासारखी कोरी करकरीत. अर्धं सणसर गाव मला शहाणी समजायचं. उरलेल्या अर्ध्याशी माझं जाणंयेणं होतं.

गाडी म्हणजे जुनी जीप, चारही चाकांना ओढ असलेली. पुण्याच्या कुणा साहेबानं वापरून विकलेली मालकांनी आणली. आयुष्यभर वर्कशॉपात फिटर होते, निवृत्तीनंतर हात शिवशिवायचे. हिला क्लच नव्हता, गिअर आपले आपण पडायचे.

मी म्हणाले, "माझ्यासारखीच दिसतीय. कुणी न सांगता समदं करणारी."

"व्हय," मालक म्हणाले, "आन तापती बी तुझ्यासारखीच."

ते खरं होतं. असल्या गाडीच्या गिअरबॉक्सात इंजिनाची ओढ तेलातून चाकांकडे जाते. ओझं वाढलं की तेल तापतं आणि फार तापलं की जळतं. बारामतीच्या मिस्त्रीनं बजावलं होतं, "नुसती हिंडवायची तर हाय ते ठीक हाय. पर मागं ट्रेलर जोडायचा आसंल, तर तेलाला निराळा कूलर बसवा. रेडिएटरच्या म्होरं, वारा पयला लागतो तितं."

ट्रेलर हवा होता थोरल्या दिरांसाठी. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. दोघा भावांत थोरल्यानं मेंढरं घेतली आणि धाकट्यानं हातात पाना घेतला. आबांनी जन्मभर कळपामागं चालून पायाखालून मुलूख घातला, आणि शेवटी गुडघ्यांनी दगा दिला. पिंपळीला मुलाकडे पडवीत बसून असायचे. समोरच्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, चौदा मेंढ्या उरल्या होत्या. त्यांच्याकडं बघत त्यांचा दिवस जायचा.

मुलगा वाईट नव्हता. रोज चारा तोच कापून आणायचा. पण चहूकडं ऊस, चरायला बांधसुद्धा मोकळा नाही. शेवटी त्यानं मेंढरं विकायचं व्यापाऱ्याशी बोलून टाकलं. मालकांना कळलं तसे ते तडक पिंपळीला गेले. भिगवणच्या पुढं आमच्या नणंदेचं घर आहे, धरणाचं पाणी ओसरलं की तिथं लांबच लांब हिरवं रान मोकळं होतं. नणंद तयार होती. आबा आणि मेंढरं, दोघांनाही धाडा म्हणाली.

पुतण्या मालकांना म्हणाला, "तात्या, रविवारपातुर न्या. सोमवारी टेंपो येतोय."

दुसऱ्याचा टेंपो भाड्यानं घ्यावा, तर ते आबांना चालेना. त्यांच्या हिशोबी टेंपो एकाच कामाला येतो. "टेंपोत चढल्यालं मेंढरू म्या माघारी आल्यालं बघितलं न्हाय," एवढंच बोलले आणि तोंड फिरवलं. मालकांनी तिथंच शब्द दिला, की तुझी मेंढरं माझ्या गाडीमागं जातील आणि तू माझ्या शेजारी बसून जाशील.

मग आठ दिवस आमच्या लिंबाखाली कारखाना चालला. गिअरबॉक्सातलं जुनं तेल काढलं ते तीनदा उकळलेल्या चहासारखं काळं, करपल्या वासाचं. नवं ओतलं ते डाळिंबाच्या रसासारखं लाल. कूलर भंगारातला, वहीएवढा, बारीक पत्र्याच्या शेकडो पापुद्र्यांचा. तो आतून धुतला, हवा मारून सुकवला. तेल आधी रेडिएटरमधून आणि मग कूलरमधून जावं अशा नळ्या फिरवल्या, प्रत्येक जोडाला दोन दोन क्लिपा. कूलरचे पापुद्रे दबलेले होते. ते सरळ करायचं नाजूक काम माझ्याकडं आलं. दोन दुपारी मी केसांतल्या आकड्यानं एकेक पापुद्रा उघडत बसले.

मालक सांगायचे, "एक बी मिटल्याला नगो. वारा आरपार गेला पायजे."

"कळतंय मला," मी म्हणायचे. मला सगळंच कळायचं.

तेल किती तापलंय ते दाखवणारा काटा बसवा, असंही मिस्त्री म्हणाला होता. मालक म्हणाले, पुढच्या खेपेला. पुढची खेप झाली नाही.

आता माझा पराक्रम. मेंढरांमागं संसार हलायचा तेव्हा घोडं लादायचं काम आमच्यात बायकांचं. लग्नानंतरची चार वर्षं, मालक वर्कशॉपात लागेपर्यंत, मीही लादलं. ओझं चढवण्याआधी घोड्याच्या पाठीवर घोंगडीची घडी टाकायची आणि वर चिमूटभर भंडारा. घडीबिगर लादलेलं घोडं वाटेत बसतं, हे सासूबाईंचं वाक्य. जी घोंगडी मी वापरायचे ती आबांच्या मेंढरांच्या लोकरीची होती. त्यांनीच विणून घेऊन माझ्या लग्नात दिलेली. आता तिचा अर्धा तुकडा राहिला होता, तो जीपच्या मागच्या सीटवर अंथरलेला.

रविवारी सकाळी पिंपळीला मालक आणि पुतण्या मेंढ्या चढवत होते. जीपचं बॉनेट उघडं होतं, कुठं तेल गळतंय का ते पाहायला. मी एकटी तिच्यासमोर उभी. आता ओझं चढायचं, आणि जनावर घडीबिगर. पाठीवर टाकावी तर हिच्या पाठीवर काहीच नाही, ही तर ओढणार. ओढणाऱ्या जनावराचा जोर छातीवर येतो. झालं! घोंगडीची घडी केली, भंडारा टाकला आणि पुढची जाळी आणि कूलर यांच्यामधल्या फटीत नीट दाबून बसवली. मालक हसतील म्हणून सांगितलं नाही. लोकरीत जन्म गेला, आणि लोकर काय करते ते नेमकं त्या दिवशी विसरले. ज्या पापुद्र्यांतून वारा जावा म्हणून दोन दुपारी डोळे फोडले, त्यांना मीच पांघरूण घालून आले.

मालकांनी घाईत, आत न बघताच बॉनेट आदळलं. आबा पुढं बसले, पटका नवा. मान वळवून वळवून मागं ट्रेलरकडं बघत होते. मी मागच्या सीटवर, मांडीवर नणंदेसाठी केलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा.

बारामती ओलांडून भिगवणच्या रस्त्याला लागलो आणि पुढं ऊस आला. एकेका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, उतू जाणाऱ्या, पायी माणसाच्या वेगानं चाललेल्या. पुढं जायला वाट नाही. तासभर तसंच रांगत गेलो. इंजिनाचा काटा थोडा चढला. मालक म्हणाले, ओझं हाय, चढणारच. मला तापल्या लोकरीचा वास आला. मला वाटलं, मेंढरांचा.

मग इंजिन नुसतंच ओरडू लागलं आणि गाडी जागची हलेना. करपट धूर आला. खाली रस्त्यावर लाल तेलाचं थारोळं.

मालक बॉनेट उघडून लगेच गाडीखाली शिरले. पुतण्या मागून मोटरसायकलवर येत होता, त्यानं आबांना उतरवून बाभळीखाली बसवलं. त्या मिनिटात मी हात घातला आणि घडी ओढून काढली. तव्यावरच्या भाकरीसारखी चटका देणारी. लाडवांच्या पिशवीत कोंबली आणि वर डबा ठेवला. मालक खालून बाहेर आले तेव्हा हात कोपरापर्यंत लाल होते.

"माझाच जोड सुटला," ते म्हणाले. "माझाच."

तोंड उघडायची तीच वेळ होती. मी पदर नीट केला.

ऊन चढलं. ट्रेलरमध्ये मेंढ्या तोंडं उघडून धापा टाकत होत्या, एक गाभण खाली बसली ती उठेना. पुतण्या फोनवर फोन करत होता. ऊसतोडीचा हंगाम, एकही गाडी रिकामी नाही. शेवटी जो आला तो व्यापाऱ्याचाच टेंपो. त्याचा ड्रायव्हर म्हणाला, भिगवणला जमणार नाही, त्याला उलट्या बाजूला बाजार गाठायचा होता. मेंढ्या द्यायच्या तर घेतो, नाहीतर निघतो.

मालक काही बोलणार तेवढ्यात आबा काठीवर उठले.

"चढवा," ते म्हणाले. "उन्हात जीव चाललाय त्यांचा."

फळी लावली. आबा फळीशी उभे राहिले आणि वर जाणाऱ्या प्रत्येक मेंढीच्या पाठीवरून हात फिरवला. गाभणीला पुतण्यानं उचलून ठेवलं. टेंपो गेला त्या दिशेला आबांनी पाहिलं नाही. भिगवणला जायचं कारणच उरलं नव्हतं. पुतण्याच्या मोटरसायकलवर मागं बसून ते पिंपळीला परतले.

जीप ओढून घरी आणली. त्या गिअरबॉक्साचे भाग मिळेनात. लिंबाखाली उभी राहिली, पुढं कोंबड्या सीटवर अंडी घालू लागल्या. मालकांनी सगळे पाने गोणपाटात बांधून माळ्यावर टाकले. मिक्सर बिघडला तरी म्हणायचे, दुकानात दे, माझ्या हाताचं आता काय खरं न्हाय. मी मुकाट्यानं दुकानात द्यायचे. घोंगडी ट्रंकेत, ठेवणीतल्या लुगड्यांखाली. ट्रंक उघडली की वास यायचा.

चार महिन्यांनी आबांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेले. बाहेर घामाच्या धारा, आणि त्यांच्या अंगावर दोन चादरी. पडवीतून रिकामी वाघर दिसत होती, अजून कुणी काढली नव्हती. घरात कुणी नव्हतं. मी डोक्यावरचा पदर सारखा करून सगळं सांगून टाकलं. घडी, भंडारा, फट, पिशवी. त्यांच्या भावाचा जोड सुटला नव्हता, माझ्या घोंगडीनं तेल उकळून बाहेर आलं होतं, हेही.

आबांनी वाघरीकडची मान माझ्याकडं वळवली.

मग विचारलं, "कंची घोंगडी? म्या दिल्याली?"

"व्हय आबा. ट्रंकंत हाय."

ते म्हणाले, "धाकल्याला आजच सांग, हात चांगलं हायती त्याचं. आन ती घडी ट्रंकंत कुजवू नगंस, हिकडं आन. पाय लई गार पडत्यात माजं."