इंजेक्शनची बॉडी

बोरिवलीच्या एका जिममध्ये मी अठरा वर्षं ट्रेनर आहे. लोक इथे वजनं उचलायला येतात आणि दोन सेटच्या मधल्या मिनिटभरात घरचं सगळं बोलून जातात. किस्से आपोआप साठतात. त्यातले बरेचसे इंजेक्शनचे, म्हणजे बॉडी झटपट बनावी म्हणून चोरून घेतलेल्या हार्मोन्सचे.

*

गोराईच्या कोळीवाड्यातला नीलेश दोन-तीन महिन्यांत असा फुगला की शर्टाची बटणं लागेनात. एके दिवशी त्याची आई मासळी विकून थेट जिममध्ये आली. तिला त्याच्या बॅगेत सुया सापडल्या होत्या. पोराला डायबिटीस झालाय आणि तो लपवतोय, असं समजून माउलीने महिनाभर त्याच्या चहातली साखर बंद केली होती. नीलेशला वाटत होतं, आई डाएटला मदत करतेय!

मी तिला खरं काय ते सांगितलं. रक्त घट्ट होतं, हृदयावर ताण येतो, हेही सांगितलं. तिने रिकामी टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हंजे आजार नाय त्याला. विकत आणतोय."

*

विनोद भर मे महिन्यात जॅकेट घालून व्यायाम करायचा. काढ म्हटलं की विषय बदलायचा. शेवटी एकदा चेंजिंग रूममध्ये त्याने मला दाखवलं. छाती बाईसारखी सुटली होती. बाहेरून घेतलेल्या पुरुषी हार्मोनचा काही भाग शरीरात बायकी हार्मोन होतो, हे त्याला डॉक्टरकडे गेल्यावर कळलं. ऑपरेशन करावं लागलं.

आता तोच नव्या पोरांना सांगतो, "मला छाती वाढवायची होती. वाढली."

*

एकदा अंधेरीत बॉडीबिल्डिंगची स्पर्धा होती. आमचा मंगेश नऊ जणांत सर्वांत बारीक. स्टेजवर जायच्या आधी बातमी पसरली की डोपिंगची टेस्ट घ्यायला माणसं आलीत. कुणाला घरून फोन आला, कुणाच्या पोटात दुखायला लागलं. स्टेजवर तिघंच उरले. मंगेशला गोल्ड मिळालं.

मी टाळ्या वाजवून हात लाल केले. तो खाली आला, मेडलकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, मी जिंकलो की उरलो?"

*

सचिन माझ्याबरोबरचा ट्रेनर. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नव्हतं. बायको स्मिता दवाखान्यांचे उंबरे झिजवत होती, मूल व्हावं म्हणून इंजेक्शनं घेत होती. मग एका डॉक्टरीणबाईंनी सचिनची तपासणी करायला लावली. रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य. बाहेरून हार्मोन मिळत राहिलं की शरीर आपलं काम थांबवतं, असं त्या म्हणाल्या. सचिन लग्नाआधीपासून इंजेक्शनं घेत होता. तिला माहीत नव्हतं.

एकट्याने सांगायची हिंमत होईना, म्हणून तो मला घरी घेऊन गेला. स्मिताने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "सुया दोघांनी टोचून घेतल्या, सचिन. मी तुला सांगून घेतल्या."

त्याने इंजेक्शनं सोडली. उपचार लांबले, दीड वर्ष गेलं. आता मुलगी आहे. प्रत्येकाचं असं जमतंच असं नाही.

*

कविता दहिसरची. पॉवरलिफ्टिंग करायची. गळा फार गोड. तिथल्या बुद्धविहारात दर रविवारी वंदना तीच म्हणायची. एका कोचच्या नादाने तिने वर्षभर हार्मोन्स घेतले. वजन भरपूर उचललं, पण आवाज घोगरा झाला, मग पुरुषासारखा. फोनवर लोक तिला 'भाऊ' म्हणायला लागले. घाबरून तिने सगळं बंद केलं. चेहऱ्यावरचे केस कमी झाले, पाळी सुरळीत झाली. आवाज परत आला नाही. तो येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

विहारात तिच्या जुन्या आवाजातलं रेकॉर्डिंग होतं, ते लावायला लागले. कविता तरीही जाते, मागच्या रांगेत बसते.

गेल्या बुद्धपौर्णिमेला तिने मला बोलावलं होतं. वंदना सुरू झाली. कविता हात जोडून, नुसते ओठ हलवत बसली होती. शेजारी वस्तीत नव्याने राहायला आलेली एक मुलगी बसली होती. तिने हळूच विचारलं, "ताई, हा आवाज कुणाचा आहे? किती छान."

कविताने डोळे उघडले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाली, "आमच्यातलीच एक होती."